भाकरी पचवणारा लांडगा

संत नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. आपण ती भक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो. पण जरा वेळ नामदेवांवरची नजर काढून त्या कुत्र्याकडे बघा. त्याच्या तोंडात कोरडी भाकरी आहे. लांडग्याच्या रक्ताचा हा प्राणी धान्याच्या पिठाचा भाजलेला तुकडा शिकार केल्यासारखा उचलतो, गिळतो आणि त्यावर जगतो. मला या गोष्टीतला हा दुसरा चमत्कार वाटतो. त्याची उकल व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं.

हे आज सांगावंसं वाटतं, कारण कुत्र्याला कच्च्या मांसावर आणायची टूम आता शहरातून तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. आमच्या खुलताबादेत कुत्र्यांची पोटं आजवर दोन ठिकाणी भरत आली: सकाळी कुणाच्या तरी दारात भाकरीचा कुटका, संध्याकाळी मटणाच्या दुकानासमोर छिछडे. पाळलेल्याच्या वाट्याला दूधभात. आता लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळणारा तरुण विचारतो, की कुत्रा म्हणजे लांडगाच, मग त्याला भाकरी कशाला? ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून कच्चं मांस आणि हाडं हाच कुत्र्याचा खरा आहार असं मांडलं, तेव्हापासून हा विचार जगभर फिरतो आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुत्र्याच्या स्वादुपिंडात दडलेलं आहे.

आधी कुत्रा भाकरी खातो कशी, ते जवळून बघा. तो चावत नाही. त्याला बेचाळीस दात आहेत, पण जबडा वरखालीच हलतो. आपल्यासारखा आडवा फिरवून तो घास दळू शकत नाही. गालाकडच्या दोन मोठ्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात, आणि त्या घडल्या आहेत मांस कापायला. भाकरीचे त्या दोनचार तुकडे करतात न करतात तोच घास घशाखाली. आपण भाकरी चावत राहिलो की ती गोड लागू लागते, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं विकर तोंडातच पिष्ट फोडू लागतं. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतंच. म्हणजे ज्वारीचा तो घास, ज्याच्या कोरड्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टच असतं, जसाच्या तसा पोटात पडतो, तिथल्या जहाल आम्लातून जातो आणि लहान आतड्याशी येतो. इथवर सगळा कारभार लांडग्याचा. दात लांडग्याचे, जबडा लांडग्याचा, लाळही लांडग्याची.

आणि इथंच गोष्ट बदलते. लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडातून अमायलेज येऊन मिसळतं, आणि ते लांडग्याच्या मानानं कितीतरी जास्त असतं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांची जनुकं शेजारी ठेवून वाचली. लांडग्याचा कुत्रा होताना नेमकं काय बदललं, हे त्यांना शोधायचं होतं. मेंदूशी, स्वभावाशी निगडित बदल सापडतील अशी अपेक्षा होती, आणि ते सापडलेही. पण त्यांच्या जोडीला पिष्ट आणि चरबी पचवण्याशी संबंधित दहा जनुकं पुढे आली. त्यांतलं एक स्वादुपिंडात अमायलेज बनवणारं. लांडग्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत प्रती निघाल्या. स्वादुपिंडात त्या जनुकाचं काम लांडग्याच्या तुलनेत २८ पट चालू होतं. नवं विकर कुठून आलं नव्हतं; जे होतं त्याच्याच नकला निघत गेल्या, आणि माणसाच्या उकिरड्यावर ज्याच्याकडे नकला जास्त, तो जगला, त्याची पिल्लं जगली.

हे कधी घडलं याचाही माग लागला आहे. रुमानियात सापडलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या अवशेषांत प्रती वाढलेल्या दिसतात. तिथं तेव्हा शेती सुरू झालेली होती. उलट बाजू पाहायची तर ऑस्ट्रेलियाचा डिंगो घ्या. हजारो वर्षांपूर्वी तो माणसाबरोबर समुद्र ओलांडून गेला आणि जिथं कुणी नांगर धरत नव्हतं अशा देशात राहिला. त्याच्याकडे आजही दोनच प्रती आहेत. सैबेरियन हस्कीकडेही मोजक्याच, कारण त्याच्या माणसांच्या ताटात मासे आणि सीलचं मांस होतं. आता याच्या शेजारी २००७ सालचा एक शोध ठेवा: धान्य, कंदमुळं खाणाऱ्या मानवी समाजांत लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती जास्त असतात. त्यांचं तोंड बदललं, कुत्र्याचं स्वादुपिंड बदललं, आणि दोघांनाही बदलायला लावलं ते धान्यानं. ज्या प्राण्याला आपण दारात भाकरी टाकतो, त्याच्या पेशीपेशीत भाकरीची नोंद आहे, हे कळल्यापासून मी कुत्र्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

मग मटणाच्या दुकानासमोर कुत्री तासन्‌तास का बसतात? कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. त्यांना असं दिसलं, की मोठा कुत्रा निवड वासावर करतो. ज्याला मांसाचा वास जास्त, त्याला पहिलं तोंड. नंतर उरलेला पाव, बिस्किटही तो सोडत नाही. पुढे २०१४ साली त्यांनी पिल्लांवरचं निरीक्षण प्रसिद्ध केलं: मांसाची ही ओढ जन्मजात नसते. पिल्लू ती वाढताना शिकतं. म्हणजे भाकरी पचवण्याची ताकद जन्मापासून अंगात, आणि मांसाची आवड मागाहून आलेली. आपण नेमकं याच्या उलट समजत होतो.

तर कच्च्या मांसावर कुत्रा जगेल का? जगेल. पिष्ट खाल्लंच पाहिजे अशी त्याच्या शरीराची अट नाही. लागणारी साखर यकृत प्रथिनांपासून बनवून घेतं. क जीवनसत्त्वही त्याचं यकृतच तयार करतं, जे आपल्याला जमत नाही. बदल हळूहळू, आठदहा दिवसांत केला तर आतड्यातले जिवाणूही नव्या अन्नाला सरावतात; एकदम केला तर जुलाब ठरलेले. मांसावर आलेल्या कुत्र्याची विष्ठा कमी आणि घट्ट होते, हेही खरं.

पण लांडगा 'मांस' खात नाही, तो आख्खं जनावर खातो. हाड, काळीज, रक्त, आतडी, सगळं. दुकानातून आणलेल्या बिनहाडाच्या मटणात आणि त्या जनावरात मोठा फरक आहे. १०० ग्रॅम नुसत्या मांसात कॅल्शियम असतं १० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. महागाचं मटण प्रेमानं भरवलं की पिल्लाच्या रक्तात कॅल्शियमची ओढ सुरू होते, गळ्यातल्या परावटू ग्रंथी ती भागवायला त्याच्याच हाडांतून कॅल्शियम उपसू लागतात, आणि बघता बघता पाय वाकतात, साध्या उडीनं हाड मोडतं. भरल्या पोटी हाडं झिजतात! म्हणून बिनहाडाचं मांस द्यायचं तर अंड्याच्या टरफलाची बारीक पूड तरी हवी. तिच्या एका ग्रॅममध्ये ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. किती द्यायची ते कुत्र्याच्या वजनावर आणि वयावर ठरतं, आणि ते पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावं.

नुसत्या भाकरीवरही निभत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पिल्लांना धान्याच्या अन्नावर घरात वाढवलं. त्यांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं तो टळला. ड जीवनसत्त्वाचा शोध लागला तो याच वाटेनं. नंतर त्याहून नवलाची गोष्ट समोर आली. आपली कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते, कुत्र्याची जवळजवळ बनवत नाही, कारण त्यासाठी लागणारा कच्चा माल त्याच्या कातडीत साठूच शकत नाही, दुसरंच विकर तो संपवून टाकतं. वैशाखात म्हैसमाळच्या रस्त्यावर दिवसभर उन्हात पडलेल्या कुत्र्यालाही ड जीवनसत्त्व तोंडानंच मिळावं लागतं. अंड्याचा बलक, मासा, काळीज. दुकानासमोरच्या त्या तुकड्यांचं मोल इथं कळतं.

आणि त्याच काळजात धोका आहे. इकायनोकॉकस नावाचा एक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी तीन ते सात मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून कमी. अशा हजारो कृमींनीही कुत्रा आजारी दिसत नाही. विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडतात, गवतावर पसरतात. चरणारी शेळी, मेंढी, म्हैस ती गिळते, आणि तिच्या काळजात किंवा फुफ्फुसात पाण्यानं भरलेली पांढरट गाठ वाढू लागते. कापताना खाटकाला ती दिसते. गिऱ्हाइकाला द्यायचा नाही म्हणून तो तुकडा खाटीक बाजूला टाकतो. आणि बाजूला कोण बसलेलं असतं? एका गाठीत कृमींची हजारो सूक्ष्म मुंडकी असू शकतात. प्रत्येकाचा कुत्र्याच्या आतड्यात नवा कृमी होऊ शकतो. दुकान, कुत्रा, कुरण, शेळी, पुन्हा दुकान, असं हे चक्र शेकडो वर्षं फिरतं आहे. त्यात माणूस चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना चिकटलेलं अंडं हाताला, हातून तोंडात, आणि मग यकृतात वर्षानुवर्षं निमूट वाढणारी गाठ, जी काढायला शस्त्रक्रिया लागू शकते.

कच्चं मांस देणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं ते हेच. काळीज, फुफ्फुस, वजडी कच्ची देऊ नका. अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवलं की गाठीतली मुंडकी मरतात. गोठवूनही ती मरतात, पण जिवाणू मरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठीच्या कच्च्या अन्नाचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला. कुत्र्याचं पोट हे जिवाणू बहुधा पचवून टाकेल, पण तेच तोंड कुत्रा रांगत्या बाळाच्या गालाला लावतो.

मग काय, शिजवलेल्या मटणातली हाडं द्यावीत? तीही नकोत. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात, आणि आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, जो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बिनमसाल्याचं उकडलेलं मांस, उकळलेलं थोडं काळीज, टरफलाची पूड आणि खाली कुस्करलेली भाकरी, हे त्याच्या दातांनाही मानवतं आणि स्वादुपिंडालाही.

त्यातूनही ज्याचा कुत्रा बाहेर फिरतो, दुकानासमोर रेंगाळतो, त्यानं पशुवैद्याला विचारून प्राझिक्वांटेलची गोळी सुरू करावी. या कृमीसाठी ती साधारण दर सहा आठवड्यांनी देतात. कारण पोटात गेलेल्या मुंडक्याचा पूर्ण कृमी होऊन त्याची अंडी बाहेर पडू लागायला बहुधा तेवढाच, किंवा थोडा जास्त, काळ लागतो. गोळी वेळेवर पडली तर कृमी अंडी घालण्याआधीच मरतो, आणि कुरणावरच्या शेळीपर्यंत काही पोचत नाही.