डेमियनच्या पायांना चटका का बसला नाही?

डिसेंबर १८८४. हवाई बेटांपैकी मोलोकाईवर एक बेल्जियन पाद्री दमलेले पाय गरम पाण्यात बुडवून बसतो. पाणी चांगलंच कढत असतं. कातडीवर फोड येतात, पण त्याला काहीच जाणवत नाही. फोड बघून तो काय ते समजतो.

हे फादर डेमियन. जन्म १८४०, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा. शिक्षण बेताचंच. हवाईला जायचं होतं खरं तर थोरल्या भावाला. तो आजारी पडला म्हणून हे गेले. १८६५ च्या कायद्याने तिथलं सरकार कुष्ठरुग्णांना घरातून उचलून मोलोकाईच्या एका टोकाला नेऊन ठेवत होतं. तीन बाजूंना समुद्र, चौथीला उभा कडा. १८७३ मध्ये डेमियन तिथे राहायला गेले. प्रार्थना घेतल्याच, पण सुतारकामही भरपूर केलं. घरं बांधली, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या, जखमा धुतल्या, रुग्णांसोबत एकाच भांड्यातून जेवले.

त्याच वर्षी, १८७३ मध्येच, नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मोलोकाईवर त्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता म्हणा.

हा जंतू भलताच संथ. आमच्या लॅबमधला ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी प्लेट लावली की सकाळी वसाहती तयार. मायकोबॅक्टेरियम लेप्रीला दुप्पट व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात, आणि प्लेटवर तर तो अजून कुणालाच वाढवता आलेला नाही. (पीएचडीला हा विषय घेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.) म्हणूनच लागण होऊन लक्षणं दिसायला कित्येक वर्षं जातात. डेमियन यांच्या बाबतीत मोलोकाईला आल्यापासून फोड येईपर्यंत अकरा वर्षं गेली.

त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, आणि मज्जातंतूंना आवरण देणाऱ्या श्वान पेशींमध्ये तो घर करतो. मज्जातंतू निकामी झाले की वेदना जाते. ‘महारोगात बोटं झडतात’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण जंतू बोटं खात नाही. न जाणवलेले चटके, चिघळलेल्या जखमा यांनी ती हळूहळू जातात.

१८८९ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, डेमियन गेले. २००९ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, १८८८ मध्ये, मोलोकाईला आलेल्या सिस्टर मेरीॲन कोप यांनी तिथे तीसेक वर्षं सेवा केली. त्यांना हा रोग झालाच नाही. त्या स्वच्छतेबाबत काटेकोर होत्या हे खरं. पण बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळातच पुरून उरते, हेही तितकंच खरं. एकेका माणसावरून नेमकं कारण सांगता येत नाही. एवढं मात्र नक्की, की हजारो लोकांना घरादारापासून तोडलं ते इतक्या कमी संसर्गजन्य रोगासाठी.

आज रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधं एकत्र देतात. सहा महिने किंवा वर्षभर. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. तरी जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतातच सापडतात, आणि बरेच जण चट्टा लपवतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.