पदकांचा तक्ता मुलांना कसा वाचून दाखवावा?

हिवाळी ऑलिम्पिक सुरू झाले की वर्तमानपत्रात रोज पदकांचा तक्ता येतो. वर नॉर्वे, जर्मनी, चीन. भारताचे नाव शोधूनही सापडत नाही. मुले लगेच निकाल लावून मोकळी होतात, "सर, हे आपलं कामच नाही." घरातली मोठी माणसेही मान डोलावतात. हाच निकाल पुढे गणिताला, इंग्रजीला आणि स्पर्धा परीक्षांनाही लावला जातो. म्हणून आम्हा शिक्षकांना तो तसाच सोडून देता येत नाही. आकडे खरे असतात, पण ते नेमके काय सांगतात हे विचारायला मुलांना शिकवावे लागते.

आधी सहभाग पाहू. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिम्पिक झाले, तेव्हा १६ देशांचे २५८ खेळाडू होते आणि त्यात स्त्रिया फक्त ११. २०२२च्या बीजिंग स्पर्धेत ९१ संघ उतरले. खेळाडूंची संख्या २८००च्या पुढे गेली आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र पदके मिळाली फक्त २९ संघांना. म्हणजे ६२ संघ रिकाम्या हाताने परतले. त्या रांगेत भारत एकटा नव्हता.

आता लोकसंख्येशी भागाकार करू. नॉर्वेने बीजिंगमध्ये १६ सुवर्णांसह ३७ पदके मिळवली. देशाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख, म्हणजे साधारण दीड लाख माणसांमागे एक पदक. २०११च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्याच हिशेबाने बीडच्या वाट्याला १७ पदके यायला हवीत! मुले हे ऐकून हसतात आणि मग विचारतात, "पण बर्फ कुठंय?"

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर अर्धेच आहे. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. तरीही त्या देशाने बीजिंगमध्ये १७ पदके जिंकली आणि त्यातली एक सोडून सगळी स्केटिंगमध्ये. तिथे बर्फाची कृत्रिम मैदाने आहेत, प्रशिक्षक आहेत, घरोघरी स्केटिंगची आवड आहे. उलट नेपाळात हिमालय असूनही हिवाळी ऑलिम्पिकचे एकही पदक नाही. तेव्हा बर्फाच्या जोडीला सोय, पैसा आणि सवय लागते. तक्ता माणसांची लायकी दाखवत नाही; कुणाला किती संधी मिळाली, हे दाखवतो.

बीजिंगमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. गुलमर्गला वडिलांचे स्कीच्या सामानाचे दुकान होते. आरिफ चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर उतरला. जायंट स्लॅलम या शर्यतीत तो ४५वा आला. "पंचेचाळिसावा" ऐकून मुले नाक मुरडतात. पण त्या दिवशी उतरलेल्यांपैकी जवळपास निम्म्या खेळाडूंना शर्यत पूर्णही करता आली नव्हती, हे सांगितले की तोच आकडा वेगळा दिसू लागतो.

आपल्या मुलींसाठीही या नोंदींमध्ये काही आहे. १९८८ला कॅलगरीत शैलजा कुमार भारताकडून उतरल्या. २०१०मध्ये मर्जान कलहोर ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरणारी पहिली इराणी महिला ठरली. तिने डोके झाकूनच शर्यत केली. आणि २०२४च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लेहच्या टप्प्यात बर्फ न पडणाऱ्या महाराष्ट्राची मुलेमुली पदकतालिकेत आघाडीवर होती.

तक्ता बदलतो याचा दाखला तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि सियाचीनच्या बर्फात तैनात राहिला. धावपटू म्हणून त्याची घडण त्यानंतरची. राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसची सगळी पदके १९९८पासून केनियाकडेच जात होती. तेव्हाचा तक्ता पाहून कुणीही म्हटले असते, "हे केनियाचे काम." २०२२ला बर्मिंगहॅममध्ये अविनाशने रौप्यपदक जिंकले; सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावे इतक्या थोडक्याने. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणले.

नॉर्वेची एक गोष्ट मात्र बर्फाशिवायही उचलता येते. तिथे ११ वर्षांखालील मुलांच्या खेळात क्रमवारी लावत नाहीत. आधी सगळ्यांना खेळू देतात, नंबर नंतर. आपल्याकडे पहिलीपासून नंबर विचारतो आणि खेळाचा तास गणिताला देऊन टाकतो.

तेव्हा अम्मी-अब्बांना आमची विनंती एवढीच. शाळेच्या पालकसभेला जाल तेव्हा मुलाच्या टक्केवारीसोबत विचारा, खेळाचा तास होतो का, मैदान मोकळे आहे का, मुलींना खेळायला मिळते का. वर्तमानपत्रात तक्ता आला की मुलांना जवळ बसवा, कागद-पेन्सिल द्या आणि भागाकार करायला लावा. "हे आपलं काम नाही" असे म्हणण्याआधी मूल "आपल्याला संधी किती मिळाली?" असे विचारू लागले, तर त्याची तालीम योग्य वाटेवर आहे असे समजा.