दारापेक्षा मोठी बोट

कोकणातल्या हर्णैला मासळी बोटीतून थेट वाळूवर येत नाही. मोठी बोट सुवर्णदुर्गाच्या आसपास नांगर टाकून पाण्यातच उभी राहते. एक छोटी होडी तिच्या कडेला लागते, टोपल्या उतरवून घेते आणि किनाऱ्याकडे वळते. पुढे उथळ पाण्यात बैलगाडी थांबलेली असते. बैलांच्या पोटाला लाटा लागत असतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. टोपल्या गाडीत चढतात, गाडी वाळूवर येते आणि मग लिलावाचा पुकारा सुरू होतो.

पर्यटक त्या बैलगाडीचे फोटो काढतात. मीही पूर्वी काढले आहेत. या खेपेला मात्र माझं काम वेगळं होतं. आमच्या संपादकांकडे एका तरुणाचं पत्र आलं होतं. मुंबईची नोकरी सोडून तो दाभोळ खाडीच्या काठी आपल्या गावी परतला होता. त्याला एकच बोट घ्यायची होती. खाडीत जाळं टाकायला चालली पाहिजे आणि हंगामात बाहेरच्या पाण्यातही नेता आली पाहिजे. ‘किती फुटी घेऊ?’ एवढाच प्रश्न. संपादक म्हणाले, “जाऊन विचारून ये, दीड पानाचा मजकूर आहे.” संपादकांना सगळेच मजकूर दीड पानाचे वाटतात.

हर्णैत पहिली गोष्ट कळली ती ही, की बोट किती मोठी याचं उत्तर इथे फुटांत मिळत नाही, सिलिंडरमध्ये मिळतं. दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची. “त्याची सहाची आहे” असं म्हटलं की बोटीची लांबी, खलाशांची संख्या, कर्जाचा आकडा आणि लग्नात किती जेवणावळी उठल्या असतील, हे सगळं एकदम सांगून होतं.

कागदोपत्री इतिहास लवकर आटपतो. स्वातंत्र्यानंतर शिडांची जागा इंजिनांनी घ्यायला सुरुवात केली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात यांत्रिक होड्यांचा प्रकल्प उभा राहिला. आपल्याकडेही जुन्या होड्यांच्या पोटात इंजिनं बसू लागली. १९८१ साली राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं राज्य. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी. एवढं वाचून मी वही मिटली, कारण मला हवं होतं ते त्यात नव्हतं. शिडाची होडी वाऱ्याच्या मापाने बांधली जायची. इंजिनाची बोट कर्जाच्या मापाने बांधली जाऊ लागली. हा बदल कुठल्या कायद्याने झाला नाही.

माप ठरवायचं तर आधी जाळं ठरवावं लागतं, हे मला लिलावाच्या गर्दीतच एका बाईंनी सुनावलं. त्या बर्फ फोडत होत्या. “बोट कसली विचारता, काय पकडणार ते सांगा.” बोंबील-जवळ्यासाठी डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावायची तर ती खाडीच्या तोंडाशी किंवा किनाऱ्याजवळच्या पाण्यात लागते. भरती-सुकतीच्या ओढीने मासा आपणच पिशवीत शिरतो, होडीने फक्त वेळेवर जायचं आणि जाळं उपसायचं. तिथे वेगाचा काही उपयोग नाही. रुंद होडी हवी, माणसं एका कडेला वाकून ओल्या जाळ्याचं वजन ओढत असताना न कलणारी. पापलेट-सुरमईसाठी तरतं जाळं सोडायचं तर बाहेर जावं लागतं, रात्र काढावी लागते, आणि तिथून बर्फ सुरू होतो. आपल्या हवेत चार-सहा दिवस मासा टिकवायचा तर साधारण जेवढा मासा तेवढा बर्फ लागतो. म्हणजे मासा मिळण्याच्या आधीच बोट अर्धी भरलेली असते. शिवाय डिझेल, पाणी, शिधा.

यामुळेच माणसाला मोठ्या बोटीचा मोह पडतो. त्यात गणिताचाही हात आहे. लांबी दुप्पट केली आणि बाकी प्रमाण तेच ठेवलं, तर पोटातली जागा आठपट होते. पंचवीस फुटीच्या जागी पन्नास फुटी बोट म्हणजे आठ बोटींचा माल. हा हिशेब कुणालाही भुरळ घालील. पण वेग त्या पटीत वाढत नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर अडतो. पंचवीस फुटांना ताशी पावणेसात सागरी मैलांच्या आसपास, पन्नास फुटांना साडेनवाच्या आत. त्यापुढे इंजिन कितीही ओरडलं तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला धडपडत राहते आणि डिझेल जळत राहतं. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोराने चाललं तर तासाला वीसेक लिटर पितं. सिलिंडर वाढवून घर लवकर गाठता येत नाही, हे बोट घेताना कुणी सांगत नाही. इंजिन विकणारा तर नाहीच.

लाटांबद्दलही माझा समज उलटा निघाला. लहान होडीला खोल समुद्रातली मोठी लाट मारते, असं मी धरून चाललो होतो. पण दुरून येणारी दहा सेकंदांची लाट खोल पाण्यात शिखरापासून शिखरापर्यंत दीडशे मीटर पसरलेली असते. होडी तिच्यावर बदकासारखी चढते आणि उतरते. त्रास देते ती वाऱ्याने जागच्या जागी उठवलेली आखूड लाट. दोन-अडीच सेकंदांची, वीस ते तीस फुटांची, म्हणजे नेमकी छोट्या होडीच्याच लांबीची. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एका लाटेवरून उतरते न उतरते तोच पुढच्या लाटेत घुसते. दुपारनंतर खारा वारा धरला की रुंद खाडीतही हेच होतं. अर्थात वादळ ही वेगळी गोष्ट. तिथे पंचवीस फुटीने बदकाची ऐट दाखवू नये.

हे सगळं वहीत उतरवून मी परत निघणार होतो. तेवढ्यात शेजारच्या पाजपंढरीचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, भेटले आणि माझी एस. टी. चुकली.

सत्तरी कधीच ओलांडलेली. स्वतः आता बोटीवर जात नाहीत. मुलगा जातो, सहा सिलिंडरच्या बोटीवर. काकांचं काम एकच उरलं आहे आणि ते त्यांना कुणी दिलेलं नाही. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी जाऊन ते बांबूने पाणी मापतात.

आंजर्ले हर्णैच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर. जोग नदी तिथे समुद्राला मिळते. हर्णैच्या उघड्या किनाऱ्यावर वादळात बोट ठेवता येत नाही, म्हणून वारा फिरला की सगळ्या बोटी या खाडीत पळतात. खाडी आत चांगली आहे, आडोशाची आहे. अडचण तिच्या तोंडाशी आहे. तिथे वाळू साचते, आणि ती एका जागी बसत नाही.

काकांचा बांबू बाराएक फुटांचा. त्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा, काही जुन्या, काळ्या पडलेल्या. एका पोराला वल्ह्यावर बसवून ते होडीतून तोंडापर्यंत जातात आणि बांबू उभा सोडतात. तळाला टेकला की नुसता आवाजच ऐकतात. “रेती असेल तर खस्स करतो. चिखल असेल तर गप बसतो.” मीही सोडून पाहिला. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

“लोक बोट घेताना लांबी विचारतात,” ते म्हणाले. “मी विचारतो, ती पाणी किती मागते?”

मला इतके दिवस हवा असलेला शब्द हाच होता. फायबरची छोटी होडी, मागे बाहेरून लावलेलं इंजिन, ही फूट-दीड फूट पाण्यात तरते. इंजिन वर उचललं की वाळूवर ओढून घेता येते. तीस-पस्तीस फुटी लाकडी बोट भरली की तीन-चार फूट मागते. सहा सिलिंडरची बर्फ-डिझेल भरून निघाली, की पठाणापासून, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापासून, पाण्याच्या रेषेपर्यंत पाच-सहा फूट. त्या पठाणाला दोष देता येत नाही. खोल पठाणामुळेच बोट वाऱ्यात सरळ चालते, आडवी सरकत नाही, जाळ्याची ओढ सोसते. बाहेरच्या पाण्यात जो गुण, तोच खाडीच्या तोंडाशी गुन्हा.

मग काकांनी वाळूवर बांबूने रेघा ओढून मला जे दाखवलं, ते मी अजून विसरलेलो नाही. समजा तोंडावर सहा फूट पाणी आहे आणि बोट पाच मागते. कागदावर फूटभर शिल्लक. पण साधारण हिशेब असा, की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते. सहा फूट पाण्यात पावणेपाच फुटांची लाट उभी राहिली तर ती तिथेच, बोटीच्या वाटेतच फुटणार. आणि फुटणाऱ्या लाटेच्या पुढे खळगा असतो. त्या खळग्यात पाणी दीडएक फुटाने उतरतं. शिल्लक फूट गेला, वर अर्धा फूट उसना. पठाण वाळूला बसतं, क्षणभरच. तेवढ्यात मागची लाट वरामीला, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला, धडकते. पुढचा भाग रुतलेला, मागचा ढकललेला, म्हणजे बोट फिरते आणि लाटेला आडवी होते. “मग तिला कोण सरळ करणार?” काकांनी बांबूने रेघ पुसून टाकली.

या तोंडावर बोटी उलटल्या आहेत, रुतून फुटल्या आहेत. बाहेरच्या समुद्रात तरलेल्या बोटी घराच्या उंबऱ्यावर गेल्या आहेत.

भरतीची वाट पाहायची, हा साधा उपाय. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे कोकणात शाळकरी पोरालाही येतं. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा, थोडं पुढेमागे. पण वेळ कळली म्हणजे पाणी मिळालं असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चांगलं चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. उधाणाच्या भरतीला जी बोट डोलत आत येते, तीच भांगाच्या भरतीला बाहेर ताटकळते. मुंबईत उधाणाचा फरक चार मीटरांच्या वर जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे तो निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळे ठाण्याच्या खाडीवर शोभणारी बोट दक्षिणेत नेली तर तिला तोंडावर तेवढी मदत मिळत नाही. जुन्या बाजारातून दुसऱ्या जिल्ह्याची बोट स्वस्तात आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वादळ तिथी पाहत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कार्तिक वद्यातली नवमी-दशमी होती. म्हणजे भांगाचेच दिवस. पाऊणच्या हिशेबाने भरती सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला, आणि दुपारी ते अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागत होतं तेव्हा इथे सुकतीचा तळ नुकता होऊन गेलेला. ज्यांच्या बोटी मोठ्या, ते त्या दिवशी लांबवर होते आणि परतायला त्यांना सर्वांत जास्त पाणी हवं होतं. कोकणातले कित्येक खलाशी त्या वादळातून आले नाहीत. काकांना मी त्या दिवसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “ते नको,” आणि बांबूवरची एक खाच अंगठ्याने चाचपत राहिले.

तरीही बोटी मोठ्याच होत चालल्या आहेत, आणि लोकांना मूर्ख म्हणून हा विषय मिटत नाही. जवळच्या पाण्यात मासा कमी मिळतो, म्हणून लांब जावं लागतं. लांब जायचं म्हणून मोठी बोट. मोठी बोट म्हणून मोठं कर्ज. हप्ता आहे म्हणून एकही दिवस बंद ठेवता येत नाही, आणि खर्च भागायला जास्त मासा उपसावा लागतो. मग कुणी प्रखर दिवे लावून मासा गोळा करतो. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी हर्णै-दापोलीच्या मच्छीमारांना त्यानंतरही अशा मासेमारीविरुद्ध आवाज उठवावा लागला. लहान बोटवाल्याच्या वाट्याला जे उरतं ते आणखी कमी होतं. शेवटी तोही मोठी बोट घ्यायचा विचार करू लागतो. खलाशी आता पुष्कळदा नेपाळचे असतात, त्यांना दर्या शिकावा लागतो, खाडीचं तोंड तर त्याहून उशिरा कळतं. बोटीवर जीपीएस आहे, मासा दाखवणारं यंत्र आहे. गेल्या हंगामात जिथून वाट होती तिथे आज वाळू आहे की नाही, ते मात्र कुणीतरी जाऊन बांबू टाकल्याशिवाय कळत नाही. गाळ काढावा, बंधारा घालावा, बंदर करावं, हा विषय हर्णैत कुणासमोरही काढा, चहा गार होईपर्यंत संपत नाही. वाळू काढली तरी पावसाळ्यात नदी आणि समुद्र मिळून ती परत आणून ठेवतात. ते काम दरवर्षीचं आहे, आणि दरवर्षीच्या कामाचं उद्घाटन करायला कोण येणार?

पत्र पाठवणाऱ्या तरुणाला मी फोन केला. माझं मत सांगितलं: पंचवीस ते अठ्ठावीस फूट, अंगाने रुंद, दोन फुटांच्या आत पाणी मागणारी. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, खारा वारा धरायच्या आत तोंडातून आत यायचं, रात्र बाहेर काढायची नाही. पापलेट कमी मिळेल. हप्ताही कमी बसेल.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पंचेचाळीस फुटीचं बोलणं झालंय, थोडे पैसेही दिलेत. मोठी आहे म्हणून घरचे खूश आहेत.

मी विचारलं, तुमच्या खाडीच्या तोंडावर भांगाला पाणी किती असतं?

ते त्याला माहीत नव्हतं. काकांच्या बांबूबद्दल त्याने दोन-तीन गोष्टी विचारल्या, खाचा कशाने पाडतात, चिखलाला आवाज का येत नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, “बांबू किती फुटी घेऊ?”