मद्रासच्या दुर्बिणीतला काळा लघुग्रह

निलंग्याच्या शिवारात नांगराच्या फाळाला लागलेला काळा दगड बांधावर टाकण्यासाठी उचलावा, तर मुठीएवढा असूनही तो हाताला चांगलाच जड लागतो. कारण दख्खनच्या लाव्हारसापासून घडलेल्या या बेसाल्टची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असते. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान, लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरील कडेने फिरणारा सिल्व्हिया हा लघुग्रह मात्र, लांबीने साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक असूनही, या दगडाच्या निम्म्या घनतेचाही नाही. आणि त्याचा शोध लागला तो आपल्याच दक्षिण हिंदुस्थानात, मद्रासच्या सरकारी वेधशाळेत, १६ मे १८६६ रोजी.

शोधकर्ते नॉर्मन पॉग्सन १८६१ साली मद्रासला सरकारी ज्योतिर्विदाच्या हुद्द्यावर रुजू झाले, आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच वेध घेत राहिले. दुर्बिणीत दिसणारा प्रत्येक बारीक ठिपका नकाशातील ताऱ्यांशी ताडून पाहावा, नकाशात नसलेला ठिपका आढळताच त्याची जागा टिपावी, आणि पुढच्या रात्री तो शेजारच्या ताऱ्यांमधून सरकला आहे काय याची खातरजमा करावी, असे ते चिकाटीचे काम होते. या रीतीने त्यांनी मद्रासहून पाच लघुग्रह शोधले. पैकी पहिल्याला, आशिया खंडातून शोधलेला तो पहिलाच म्हणून, ‘आशिया’ हेच नाव दिले.

सिल्व्हिया सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटरांवरून साडेसहा वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतो, स्वतःभोवती मात्र अवघ्या ५ तास ११ मिनिटांत फिरतो. त्याचा पृष्ठभाग इतका काळा आहे की, पडलेल्या प्रकाशातील शंभरांपैकी चार-पाच भागच परत फिरतात. हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून २००१ मध्ये त्याचा एक उपग्रह दिसला, चिलीतील महादुर्बिणीच्या २००४ च्या प्रतिमांत दुसरा आढळला, आणि दोन उपग्रह असलेला हा ज्ञात असा पहिलाच लघुग्रह ठरला. सिल्व्हिया हे रोमच्या पुराणकथेतील मातेचे नाव असल्यामुळे उपग्रहांना तिच्या जुळ्या पुत्रांची, रोम्युलस आणि रेमस ही, नावे मिळाली.

रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटर अंतरावरून जवळजवळ ८८ तासांत एक फेरी घालतो. या दोन आकड्यांवरून सिल्व्हियाचे वस्तुमान, आणि वस्तुमान व आकारमान यांवरून त्याची घनता काढता आली. ती पाण्याच्या सव्वापट ते दीडपट यांच्या दरम्यान भरली, तेव्हा हा अखंड पाषाण नसून, प्राचीन टकरीतून उरलेल्या तुकड्यांचा पोकळ्यांनी भरलेला ढीग असावा, असे अनुमान निघाले.

पॉग्सन यांच्या हाती फक्त एक सरकता ठिपका होता. पण त्याची नोंद त्यांनी चोख ठेवली, म्हणूनच पुढच्यांना त्याच्याकडे पुन्हा वळता आले. आपल्या तालुक्यातील शाळांनीही आठ इंची दुर्बीण व चांगला तारानकाशा मिळवावा, आणि अंधाऱ्या पक्षात लागोपाठ दोन रात्री मुलांकडून असा एक ठिपका वहीत टिपून घ्यावा.