दप्तराबाहेरचा लोगो

कार्यकारिणीच्या बैठकीत 'विषय क्र. ४ : लोगो व वेबसाईट' आला की काय होतं, हे ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही मंडळाच्या माणसाला सांगावं लागत नाही. समई असावी की पणती, यावर तासभर. भगवा की निळा, यावर आणखी अर्धा तास. शेवटी कोणीतरी म्हणतं, "माझा भाचा कॉम्प्युटरमध्येच आहे, तो करून देईल." मग चहा येतो आणि विषय क्र. ५ सुरू होतो. डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं, मूळ फाइल कोणाकडे राहणार, पासवर्ड कोण सांभाळणार, हे कोणीच विचारत नाही. अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसतो आहे. भाच्याबद्दल माझी तक्रार नाही, आपल्या समजुतींबद्दल आहे.

आपल्या भागात संस्था जुन्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. माणसं बदलली तरी दप्तर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं, तरच संस्था इतकी वर्षं चालते. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जातो, बँकेत सह्या बदलतात, कपाटाच्या चाव्या मोजून दिल्या जातात. डोमेनचा चेंज रिपोर्ट मात्र कोणी भरत नाही. चिटणीस बंगळूरला बदलून गेला की वेबसाईटही त्याच्याबरोबर बंगळूरला जाते.

"पैसे दिले, म्हणजे लोगो आपला"

हा सगळ्यांत पक्का गैरसमज. कॉपीराइट कायदा १९५७चा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून चित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा. पण बाहेरच्या डिझायनरकडून लोगो करून घेतला, तर त्या रेखाटनाचा पहिला हक्कदार साधारणपणे तो डिझायनरच. बिल चुकतं केलं म्हणून हक्क आपोआप संस्थेकडे येत नाही. तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्यातही एक खोच आहे. मुदत लिहिली नाही, तर हक्क ५ वर्षांपुरताच दिला असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरता. म्हणजे रौप्यमहोत्सवाला केलेला लोगो तिसाव्या वर्षी कागदोपत्री पुन्हा भाच्याचा!

उपाय अर्ध्या पानाचा आहे. लोगोचं चित्र कागदावर चिकटवायचं. खाली लिहायचं की याचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी अमुक रकमेच्या मोबदल्यात संस्थेला दिले. तारीख आणि सही. भाचा घरचा असेल तर अधिकच आवर्जून, कारण घरच्या माणसाकडे नंतर सही मागणं जास्त अवघड जातं.

मोबाइलमधल्या अ‍ॅपवर तयार साचा निवडून लोगो केला असेल, तर गोष्टच वेगळी. ते उघडं पुस्तक आणि ती ज्योत वापरायची मुभा जशी तुम्हाला, तशीच इतर लाखोंना. उद्या शेजारच्या गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर तेच पुस्तक दिसलं, तर भांडायचं कोणाशी?

"आम्ही रजिस्टर्ड आहोत, लोगोही रजिस्टर झालाच"

नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्थेची. लोगोची नोंदणी व्हायची तर ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली, वेगळा अर्ज करून. ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये. ट्रस्ट 'इतर' गटात मोडतो, त्याला ९,००० रुपये, तेही प्रत्येक वर्गासाठी वेगळे. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. लोगोशेजारी 'टीएम' कोणीही लिहू शकतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, शोभेसाठीही नाही. माझं स्पष्ट मत असं की भजनी मंडळाने हे ९,००० पेटीच्या दुरुस्तीवर घालावेत. क्लास, पतसंस्था किंवा घरगुती फराळ विकणारा बचत गट असेल, नावावरच गिऱ्हाईक येत असेल, तर मात्र अर्ज करावा.

चित्र निवडतानाही सगळं मोकळं रान नाही. बोधचिन्हं व नावं यांचा गैरवापर रोखणारा १९५०चा कायदा आहे. राष्ट्रध्वज, सरकारी मुद्रा, छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचं नाव वा चित्र धंद्यासाठी, पेशासाठी वा ट्रेडमार्क म्हणून केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरायला त्यात मनाई आहे. आणि तो पांढऱ्यावरचा लाल क्रॉस! दवाखाना, रुग्णवाहिका, रक्तदान शिबिर, सगळीकडे आपण तो बिनधास्त लावतो. ते वैद्यकाचं सार्वजनिक चिन्ह नव्हेच. युद्धभूमीवर मदतपथकांना संरक्षण देणारं ते चिन्ह आहे आणि १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने राखून ठेवलेलं आहे. रक्ताचा थेंब काढा, त्याला कोणाची हरकत नाही.

"लोगो आहे ना ग्रुपवर, घ्या तिथून"

ग्रुपवरून घेतलेली फाइल फ्लेक्सवाल्याकडे नेली की तो मान हलवतो : "साहेब, जेपीजी फाटतं, सीडीआर पाठवा." व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं. शिवाय जेपीजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र, मोठं केलं की ठिपके दिसणारच. रेषांच्या गणितावर साठवलेली मूळ फाइल (कोरलड्रॉची सीडीआर, किंवा एसव्हीजी, किंवा तशी पीडीएफ) रबरी शिक्क्याएवढीही होते आणि कमानीएवढीही. डिझायनरला शेवटचा हप्ता देण्याआधी ती हातात घ्यावी.

लोगो पसंत करण्याच्या माझ्या कसोट्या घरगुती आहेत. पावतीपुस्तकावर एका रंगात छापून पाहावा. शिक्का करून पाहावा. डीपीच्या गोलात बसवून पाहावा. लांबट लोगोचं अर्धं नाव तिथे कापलं जातं. आणि शेवटची डोंबिवलीच्या फडके रोडची. १९९९च्या गुढीपाडव्याला श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा तिथून जाते, तेव्हा एकामागून एक संस्थांचे फलक डोळ्यांसमोरून सरकतात. पलीकडच्या फुटपाथवरच्या आजीबाईंना तेवढ्या क्षणात तुमचं नाव वाचता आलं पाहिजे. समई, पुस्तक, वीणा, उगवता सूर्य आणि घोषवाक्य हे सगळं एकाच वर्तुळात कोंबलं, तर ते होत नाही.

"मजकूर तयारच आहे, स्मरणिकेतला टाका"

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी संस्थांचा सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो. छापखान्यातला मजकूर बऱ्याचदा श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. त्यात दिसायला 'क' दिसतो, पण आत साठवलेला असतो एखादा रोमन अक्षराचा क्रमांक. तो वेबसाईटवर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते, आणि पीडीएफ चढवली तरी गूगलवर शोधून सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. विंडोजसोबत येणारा 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट रचणारे र. कृ. जोशी आपल्याच मुंबईच्या आयआयटीत शिकवत. आता मुंबईच्याच एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू' फुकट मिळतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण नंतर मुद्रितशोधन हाताने करावंच लागतं. रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात.

'ल' आणि 'श' यांच्याकडेही लक्ष द्यावं. राज्य शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाण ठरवली, तिच्यात ही दोन अक्षरं मराठी वळणाची आहेत, पण कित्येक फॉन्ट आपण होऊन हिंदी वळण दाखवतात. पानाची भाषा मराठी आहे, असं आतल्या कोडमध्ये नोंदवलं की काही फॉन्ट आपोआप मराठी अक्षर पुढे करतात. एका शब्दाचं काम आहे. तरी ते बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि मग 'शाळा' परक्या वळणाची दिसते.

वेबसाईटच्या पत्त्यातही आपली खास अडचण. डोंबिवली रोमन लिपीत लिहायची कशी? 'व'नंतर 'ए' घालणारे निम्मे, न घालणारे निम्मे. तेव्हा डोमेनमध्ये गावाचं नाव घेत असाल, तर दोन्ही स्पेलिंगं घ्या, नाहीतर गाव वगळा. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४पासून मिळतं. ते जरूर घ्यावं, पण मागचं दार म्हणून.

"एकदा केली की झाली"

डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. भाडं चुकलं आणि सवलतीची मुदतही गेली, की ते नाव कोणीही घेऊ शकतो. होस्टिंगचं भाडं वेगळं. पत्त्यापुढच्या कुलुपासाठी, म्हणजे सुरक्षा-प्रमाणपत्रासाठी, दरवर्षी वेगळे पैसे मागणारे भेटतात. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते प्रमाणपत्र २०१५पासून फुकट देते. वर्डप्रेसही फुकट आहे, पण ते वेळोवेळी अद्ययावत केलं नाही, तर वाचनालयाच्या पानावर एखाद्या दिवशी जुगाराची जाहिरात झळकते. महिन्यातून एकदा लिहिणारा माणूस नसेल, तर दहा पानांचा घाट घालूच नये. पत्ता, वेळ, नोंदणी क्रमांक, वार्षिक अहवाल असं एक पान पुष्कळ झालं.

देणगीचं बटण लावताना मात्र खजिनदाराला शेजारी बसवा. डोंबिवलीची निम्मी मुलं परदेशात, तेव्हा पैसा येणार. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'विदेशी' ठरत नाही. त्याच्याच बहिणीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिची देणगी विदेशी ठरते, अगदी रुपयांत दिली तरी. ती घ्यायला विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. म्हणून फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना हवा.

पुढच्या बैठकीसाठी ठरावाचा मसुदा मी असा लिहून ठेवला आहे : "डोमेन व होस्टिंग संस्थेच्या नावे, संस्थेच्या ईमेलवर घ्यावे. नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या वहीत नोंदवावी. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष व चिटणीस या दोघांकडे ठेवावेत. लोगोची मूळ फाइल व हक्कपत्र दप्तरी दाखल करावे." सूचक मी. अनुमोदक अजून मिळायचा आहे. समई की पणती, ते चहानंतर बघू.