इमारत चालवताना किती कार्बन?

इमारतीचे कार्बन उत्सर्जन मुख्यतः दोन टप्प्यांत होते. सिमेंट, पोलाद, विटा, काच तयार करताना आणि बांधकाम करताना होते ते पहिले. माणसे राहायला आली की दिवे, पंखे, लिफ्ट, पंप, शेगड्या आणि एसी यांमुळे वर्षानुवर्षे होत राहते ते दुसरे. पहिले ताबा मिळेपर्यंत होऊन गेलेले असते. रहिवाशांच्या हातात उरते ते दुसरेच. त्याचा अंदाज काढायला विजेची बिले, गॅसचा हिशेब, जनरेटरची नोंदवही आणि एसी दुरुस्तीच्या पावत्या पुरतात.

आकडेमोडीआधी हद्द ठरवावी लागते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ने यासाठी तीन गट पाडले: जागेवरच जळणाऱ्या इंधनाचे किंवा गळणाऱ्या वायूचे उत्सर्जन, विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन आणि उरलेले अप्रत्यक्ष उत्सर्जन. गृहनिर्माण सोसायटीत खरा प्रश्न असतो तो घरांतल्या विजेचा. सोसायटीच्या कपाटात फक्त कॉमन मीटरचे बिल असते, त्यामुळे हिशेब तिथेच थांबण्याचा मोह होतो. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे म्हणजे सगळी इमारत नव्हे. घरे धरली नाहीत, तर तसे अहवालात स्पष्ट लिहायला हवे.

मोठा वाटा विजेचा असतो. बिलावरून अंदाज काढताना रुपयांकडे पाहू नये, युनिट पाहावेत. दर टप्प्याटप्प्याने चढतात, शिवाय स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क वेगळे लागते. त्यामुळे 300 युनिटचे बिल 100 युनिटच्या तिपटीहून बरेच जास्त येते, उत्सर्जन मात्र तिप्पटच होते. महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्यांच्या शेजारी ‘गुणक अवयव’ असा रकाना असतो. घरगुती मीटरला तो बहुधा 1 असतो. मोठ्या भाराच्या मीटरला तो जास्त असू शकतो, आणि तिथे दोन रीडिंगमधल्या फरकाला त्याने गुणल्याशिवाय खरे युनिट मिळत नाहीत. मीटर नादुरुस्त असलेल्या महिन्यांत सरासरीने बिल येते, म्हणून एखाद्या महिन्यावर विसंबण्यापेक्षा पूर्ण वर्ष घ्यावे. एप्रिल ते मार्च हे वर्ष सोयीचे, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक आर्थिक वर्षानुसारच जाहीर करते.

गेल्या काही वर्षांत हा गुणांक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास राहिला आहे. पुण्या-साताऱ्याकडे कोयनेची वीज येते, मग कोळशाचा गुणांक कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि सगळा देश एकाच ग्रिडवर आला. त्या ग्रिडमधून घेतलेल्या युनिटवर कोणत्याही धरणाचे नाव लिहिलेले नसते, म्हणून गुणांक देशाच्या सरासरीचाच धरायचा. हा गुणांक वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या विजेचा आहे. तारांमधली गळती त्यात नाही, ती वेगळी मोजावी लागते.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गॅसपेक्षा धुराचे वजन तिप्पट भरते, कारण 12 ग्रॅम कार्बन हवेतला ऑक्सिजन घेऊन 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. पाइपच्या गॅसचे एका घनमीटरला सुमारे 2 किलो, डिझेलचे एका लिटरला सुमारे 2.7 किलो.

सर्वात दुर्लक्षित राहतो तो एसीतला वायू. अनेक एसींत वापरल्या गेलेल्या आर-410ए या वायूचा 1 किलो शंभर वर्षांत जितकी उष्णता धरून ठेवतो, तितकी धरायला सुमारे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. आर-32 साठी हाच आकडा 675 आहे. ‘गॅस भरला’ एवढे लिहिलेल्या पावतीवरून काहीच कळत नाही. कोणता वायू आणि किती ग्रॅम भरला, हे मेकॅनिककडून लिहूनच घ्यायला हवे. जितका भरला तितका गळून गेला, असे धरले जाते.

समजा, एका सोसायटीत 40 घरे आहेत. प्रत्येक घर महिन्याला 150 युनिट आणि कॉमन मीटर 1,500 युनिट वापरते. वर्षाचे 90,000 युनिट, म्हणजे 63 टन. घरटी वर्षाला 8 सिलिंडर धरले, तर 13.4 टन. जनरेटरला 240 लिटर डिझेल, म्हणजे 0.6 टन. सगळ्या एसींत मिळून वर्षात 2 किलो आर-410ए भरला असेल, तर 4.2 टन. बेरीज 81.2 टन, घरामागे साधारण 2 टन. जनरेटरचा धूर सगळ्यांना दिसतो, एसीतून गळणारा वायू कुणाला दिसत नाही. या उदाहरणात त्याचे उत्सर्जन डिझेलच्या सहापटीहून जास्त आहे. आणि केवळ कॉमन मीटर व डिझेल धरले असते, तर उत्तर 13.2 टन आले असते: खऱ्या आकड्याच्या सहाव्या हिश्शाहून कमी.

पाणी चढवायला वाटते तितकी वीज लागत नाही. 1,000 लिटर पाणी 30 मीटर उंचीवर न्यायला तत्त्वतः 0.08 युनिट पुरते, 40 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला 0.2 युनिट. हे युनिट कॉमन मीटरमध्ये आलेलेच असतात, ते दुसऱ्यांदा मोजू नयेत. टँकरचे डिझेल मात्र त्यात नसते.

छतावर सौर पॅनेल असतील, तर शून्यावर आलेल्या बिलावरून उत्सर्जनही शून्य धरणे चूक आहे. नेट मीटरिंगमध्ये रात्री ग्रिडमधून आलेले आणि दुपारी ग्रिडला दिलेले युनिट वेगळे नोंदले जातात. आलेले सगळे युनिट गुणांकाने गुणायचे. दिलेल्यांमुळे टळलेले उत्सर्जन वेगळ्या ओळीत दाखवायचे.

दोन इमारतींची तुलना चौरस मीटरमागे होते, आणि फसवणूक इथेच सोपी असते. वरच्या सोसायटीचे कार्पेट क्षेत्र 2,600 चौरस मीटर असेल, तर उत्तर 31 किलो येते. तेच 81.2 टन 30 टक्के वाढवलेल्या विक्री क्षेत्रफळाने भागले, की 24 किलो. एकही दिवा न विझवता इमारत स्वच्छ ठरते. बंद घरांचाही परिणाम असाच होतो. म्हणून क्षेत्रफळ कोणते धरले, किती घरे वापरात होती, गुणांक कोणत्या वर्षाचा आणि काय वगळले, या चार गोष्टी अहवालात आकड्याशेजारीच छापल्या पाहिजेत. त्या नसतील, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने असा अहवाल मंजूर करू नये.