निवृत्त पोलीस-गाडीचे खरे वय

अमेरिकेत शिकणाऱ्या चिरंजीवांसाठी जुनी मोटार पाहात असलेल्या एका सभासद-बंधूंनी आम्हांस विचारले, "पोलीस खात्याने लिलावात काढलेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया आहे. मीटरवर १,००,००० मैल, किंमत बेताची. घ्यावी काय?" आम्ही उलट विचारले, "इंजिनाचे तास किती?"

प्रश्न विचित्र वाटेल. परंतु सारे मर्म त्यातच आहे. गस्तीची गाडी कित्येक तास इंजिन चालू ठेवून उभीच असते. वायरलेस, दिवे, हिवाळ्यातील ऊब, यांसाठी ते बंद करून भागत नाही. मैलांचा आकडा जागचा हलत नाही. झीज मात्र होतच राहते. मंद गतीत तेलाचा दाब कमी असतो, वाऱ्याअभावी बॉनेटखाली उष्णता कोंडते, आणि अर्धवट जळालेले पेट्रोल वंगणात उतरून ते पातळ करते. असा एक तास ३३ मैलांबरोबर धरावा, हा फोर्ड कंपनीचाच ठोकताळा. २००६ पासूनच्या या पोलीस-गाड्यांत तासांचा मीटरही असे.

त्या गाडीचे तास निघाले ६,०००. ताशी सरासरी ४० मैल धरल्यास धावण्यात गेले २,५००. उरलेल्या ३,५०० तासांचे झाले १,१५,५०० मैल. म्हणजे इंजिन सव्वादोन लाखांच्या घरचे!

तरीही ही गाडी टाकाऊ नव्हे. तिचे ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन दणकट. त्यात पट्ट्याऐवजी साखळी, शिवाय पोलिसांसाठी तेल थंड ठेवण्याची वेगळी सोय. दोष एक ठाऊक असावा : पूर्वीच्या गाड्यांतील प्लास्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड, पाणी जाण्याच्या जागी तडकते. तेथे ॲल्युमिनियमचा भाग असलेले नवे बसविले आहे की नाही, हे पाहावे. तेल बदलावयाचे तेही तासांच्या हिशेबाने. २०११ साली हिचे उत्पादन थांबल्यामुळे आता प्रत्येक गाडी वयस्कच. रबरी नळ्या तपासल्यावाचून पैसे देऊ नयेत.

चिरंजीवांनी पुढे दुसरी गाडी पाहिली. मैल १,२५,०००, तास ३,६००, महामार्गावरील गस्तीची. अधिक मैलांची म्हणून वडील कचरत होते. आम्ही तीच घ्यावयास सांगितली.